एक्स्प्लोरर थीमच्या वाढदिवसाबाबत सूचना (कॅम्प २ पुरत्या मर्यादित)

पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस एक्स्प्लोरर थीमवर करायचे घरात ठरले, की हे ठरवणारी व्यक्ती मूल नव्हे याची प्रथम नोंद घ्यावी. मुलाला केक हवा असतो. थीम आत्याचे स्टेटस पाहून आलेली असते.

ठाण्या-पुण्याचे लोक यासाठी हॉल घेतात आणि छताला प्लास्टिकच्या वेली टांगतात. उल्हासनगरकराने हा खर्च करू नये. आपल्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येक पाहुणा मुळातच मोहिमेवर असतो. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणशेजारी तळ ठोकला, फाळणीनंतर त्याच बॅरकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले, १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नवे नाव मिळाले. पत्ता मात्र अजून लष्करीच आहे. कॅम्प, सेक्शन, बॅरक, ब्लॉक, रूम. बॅरक पाडून वर चार मजले चढले तरी पत्त्यातून ती हलत नाही. निमंत्रणात हा पत्ता संपूर्ण छापावा आणि खाली ‘नेहरू चौकात येऊन फोन करणे’ असे लिहावे. वरचा मजकूर शोभेसाठी असतो.

कल्याणला फाटा फुटतो हेही कळवावे. उल्हासनगर स्टेशन कर्जतच्या मार्गावर, शहाड कसाऱ्याच्या. दोन्हीकडून आपल्याकडे येता येते, आणि दोन्हीकडे चुकता येते. कल्याणला वाट बदलणे ही प्राचीन परंपरा आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या ग्रीक पुस्तकात लिहिले आहे, की कल्याण बंदरात आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. तेव्हा डोंबिवलीचे साडू भलत्या लोकलमध्ये बसून टिटवाळ्याला उतरले, तर स्वस्तात सुटले असे त्यांना फोनवर सांगावे.

आता वेशभूषा. खाकी चड्डी, भिंग, गळ्यात दुर्बीण आणि टोपी. घाऊक बाजारात टोपीची चौकशी केल्यावर ‘बारा का सेट है, भाभी’ असे उत्तर येईल. मुले सहाच आहेत, हा मुद्दा तिथे मांडू नये. बारा घ्याव्यात. थर्माकोलच्या होडीचा विचार मनात आल्यास तो सोडावा. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे. फ्रिजच्या खोक्याची होडी करावी. मुले नंतर केकपेक्षा तिच्यातच जास्त वेळ बसतात, पण हे केकवाल्याचे बिल चुकते करण्यापूर्वी कुणालाच पटत नाही.

आदर्श कोणाचा ठेवावा? कोलंबसाचा नको. १४९२ मध्ये तो आपल्याकडेच यायला निघाला आणि आलाच नाही. असे एक कुटुंब प्रत्येक वाढदिवसाला असते, त्याला उत्तेजन कशाला? त्यापेक्षा पंडित नैनसिंह रावत घ्यावेत. १८६५-६६ मध्ये हे कुमाऊंचे शिक्षक वेश पालटून ल्हासापर्यंत चालत गेले आणि पावले मोजत वाट मापत राहिले. हातात जपमाळ, पण मणी १०८ ऐवजी १००. शंभर पावलांना एक मणी सरकायचा. टिपणे प्रार्थनाचक्रात लपवलेली. यावरून उत्तम खेळ होतो: गेटपासून जिन्यापर्यंत पावले मोजा. माळ घरातलीच चालेल, फक्त आजीच्या माळेचे आठ मणी काढायला कोणी कात्री मागितल्यास देऊ नये. मोजणीचे निकाल साधारणतः ‘वीस’, ‘शंभर वीस’ आणि ‘खूप’ असे येतात. तिन्ही वहीत लिहून घ्यावेत. ‘खूप’वरून रडारड झाल्यास सर्वेक्षण थांबवून वेफर वाटावेत.

खाण्यात ‘जंगल सँडविच’ वगैरे करू नये. पलीकडच्या सिंधी आजी न सांगता दालपकवान पाठवतात. ते आधी संपते. त्या स्वतः आल्या तर त्यांना खुर्ची द्यावी. एक्स्प्लोरर म्हणजे कोण, असे त्या विचारतील. कोणीतरी मूल पाठ केलेले म्हणून दाखवेल: घर सोडून, जहाजात बसून, माहीत नसलेल्या ठिकाणी जातात ते. आजी म्हणतील, ‘कराची से हम भी जहाज में आए थे. टोपी किसी ने नहीं दी.’ यावर यजमानाने भाषण करू नये. सेटमधली एक टोपी पुढे करावी.

राहिलेल्या पाच टोप्या रिटर्न गिफ्टमध्ये घालण्याचा मोह होईल. वास्को द गामाने १४९८ मध्ये कालिकतच्या सामुरी राजासाठी नेलेल्या भेटींत सहा टोप्या होत्या, शिवाय हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध. दरबारी लोक हसले आणि ही भेट राजापुढे न्यायलाच नको म्हणाले. रिटर्न गिफ्ट म्हणून रंगखडू द्यावेत.