गुंड्याभाऊंचे आजारपण

आम्स्टलवेन, नेदरलँड्स

ती. आई व ती. आप्पा यांना सूनबाईचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गुंड्याभाऊ वारले होते, ते आता बरे आहेत. घरभर केर काढत फिरणाऱ्या गोल यंत्राला हे नाव आप्पांनीच ठेवले. खुर्ची दिसो की भिंत, आधी धडक द्यायची हा बाणा बघून चि. वि. जोशींचे गुंड्याभाऊ त्यांना आठवले होते. तेव्हा ही हकीकत आधी तुम्हालाच कळायला हवी.

मंडळी पुण्याहून परतली तेव्हा गुंड्याभाऊ आपल्या चार्जिंगच्या चौथऱ्यावर होते तसेच बसलेले. दिवा नाही, आवाज नाही. बटण दाबले तरी हूं नाही की चूं नाही. तुमचे चिरंजीव पडले सॉफ्टवेअरवाले. त्यांनी पहिल्यांदा वायफायचा राउटर बंद करून चालू केला. का, ते विचारायचे नसते. मग मोबाइलवरचे अॅप काढून परत घातले. ज्याच्यात धुगधुगी उरलेली नाही, त्याला अपडेट पाजण्याचा हा खटाटोप रात्री उशिरापर्यंत चालला.

सकाळी तुमच्या नातीने यंत्र सरळ उताणे केले. पोटाखालच्या चार्जिंगच्या दोन पट्ट्यांवर मळाचा थर होता, तो पुसला. पुढचे छोटे चाक ओढले की बाहेर येते, हा शोधही तिचाच. त्याच्या आसाला केसांचा गुंता! सूनबाईच्या केसांवर तिथेच एकमताने ठपका ठेवण्यात आला. पण केसांनी चाक अडले तर यंत्र निदान कुरकुरते, दिवा लावून तक्रार करते. तोंडच उघडत नाही, म्हणजे दुखणे विजेचे.

मग आप्पांनी दिलेला मल्टिमीटर माळ्यावरून खाली आला. चार्जर ठणठणीत. बॅटरीवर 14.4 व्होल्ट छापलेले आणि मीटरचा काटा जेमतेम 6 वर. आत लिथियमच्या चार सेलची माळ असते, प्रत्येकी 3.6 व्होल्टची. सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली उतरला की चार्जर त्याला दारात उभा करत नाही.

आता गोम सांगते, पण आप्पांना जरा बेताने वाचून दाखवा. निघायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला होता: ‘बाहेरगावी जाताना घरातले सगळे स्विच बंद करा.’ आज्ञाधारक चिरंजीवांनी फ्रिज तेवढा वगळला. गुंड्याभाऊ वीज गेलेल्या चौथऱ्यावर बसून, बंद पडलेल्या वायफायची वाट पाहत, पुंजी थोडी थोडी खात राहिले. अशा यंत्राचा प्लग चालू तरी ठेवावा, नाहीतर पूर्ण चार्ज करून ते बंद तरी करावे.

इथे ‘रिपेअर कॅफे’ भरतात. मार्टिने पोस्टमा या बाईंनी 2009 च्या ऑक्टोबरात आम्स्टरडॅमला पहिला भरवला, आता ते जगभर पसरलेत. जाणकार मंडळी फुकट दुरुस्ती करतात, आपण शेजारी बसून कॉफी प्यायची आणि स्क्रू धरायचे. चिरंजीवांनी व्हिडिओत एक उपाय पाहून ठेवला होता: दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन मेलेली जागी करायची. तिथल्या आजोबांनी तो ऐकला आणि ‘नाही’ म्हणाले. बस, एवढेच. सदाशिव पेठेत त्यांचे छान जमले असते. कारण मात्र पुढे नीट समजावले: इतकी उतरलेली बॅटरी आतून बिघडते, तिच्यातले तांबे विरघळते, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणजे केर काढायच्या यंत्राने घरच पेटायचे.

‘बॅटरी इकडे आणा, तापकीर गल्लीत दाखवतो,’ हा आप्पांचा निरोप पोचला. पण सुटी लिथियम बॅटरी विमानात चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. 100 वॅट-अवरपर्यंतची हातातल्या सामानात चालते, पण धडधाकट असेल तर. बिघडलेली तिथेही नाही.

शेवटी नवी मागवली. खालचे झाकण उघडून ती बसवायला चहा गाळण्याएवढाही वेळ लागला नाही. फेब्रुवारी 2027 पासून युरोपात बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता येईल अशीच बसवावी लागणार आहे. आपले यंत्र कायद्याच्या आधीच सुधारलेले, असे चिरंजीव आता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. जुनीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती सुपरमार्केटातल्या बॅटरीच्या डब्यात टाकली. केरात टाकली तर कचऱ्याच्या गाडीला आग लागू शकते.

बाकी सर्व क्षेम. आईंचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तुमची,
सूनबाई

ता. क. : येताना सतरंजी आणणार असाल तर काळी आणू नका. यंत्र पोटाखालून जमिनीवर इन्फ्रारेड किरण सोडते आणि ते परतले नाहीत तर पुढे जिना आहे असे समजून मागे फिरते. काळा रंग ते किरण गिळून टाकतो. शेजारच्यांच्या काळ्या गालिच्याच्या काठावर त्यांचे यंत्र रोज थबकते, आणि मधला केर शेजारीणबाईंना वाकून काढावा लागतो.