या, सोनचाफा!

पुणे-सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या आसपास कुठल्याही नर्सरीत शिरा, हा माणूस तुम्हाला भेटतोच. डोक्याला ओला पंचा, हातात पाण्याची नळी आणि गिऱ्हाइकाबद्दल पराकोटीचा संशय. आमच्या वाट्याला आलेल्या नमुन्याला सगळे अण्णा म्हणतात. अण्णा मात्र कुणालाच त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. ज्याच्या हातून जे झाड मेलं, ते त्याचं नाव. झाड जगवलंत तर अण्णा तुम्हाला साफ विसरतात.

"या, सोनचाफा!" ही हाक मला असते. वास्तविक मी सोनचाफा कधी विकत घेतलेलाच नाही. आमच्या फ्लॅटमध्ये आधी राहणाऱ्यांनी तो घेतला, गच्चीत टाकीच्या आड ठेवला आणि दिवाळीच्या आत संपवला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मातीची पोती घरपोच हवी होती म्हणून पत्ता सांगितला. अण्णांनी नळी खाली ठेवली.

"म्हणजे सोनचाफा."

"अहो, ते आधीचे लोक."

"पत्ता तोच ना?"

सातबाऱ्यावरचा बोजा जमिनीबरोबर यावा तसा तो सोनचाफा मला फ्लॅटबरोबर आला.

एरवी हा प्रकार सुसह्य असतो, मे महिन्यात त्याला धार चढते. उन्हं वर यायच्या आत सगळ्या ओळींना पाणी व्हायला हवं, म्हणून अण्णा पहाटे मोटर सुरू करतात. म्हणजे वीज असली तर. नसली तर वीजमंडळाच्या सात पिढ्यांना पाणी पाजतात. हिरव्या शेडनेटखाली बायका पोयटा, शेणखत, कोकोपीट कालवून पिशव्या भरत असतात, मजुरी शेकड्यावर. एका कोपऱ्यात बहाव्याच्या शेंगा फोडून बिया काढणं चाललेलं, दुसरीकडे रायवळ आंब्याच्या कोयींचा ढीग. त्या पेरायच्या, पावसाळ्यात तांबूस कोवळी रोपं वर आली की त्यांच्यावर केशरची काडी बांधायची. थोडक्यात, मे हा अण्णांच्या दृष्टीने झाडं तयार करायचा महिना आहे, विकायचा नव्हे. आणि शाळांना सुट्टी लागल्यामुळे नेमक्या याच महिन्यात शहराला बाल्कनी आठवते.

एक गृहस्थ भर दुपारी एक वाजता स्कूटरवरून मोगरा घेऊन निघाले. शेडनेटखाली वाढलेलं रोप, वरून ऊन, समोरून गरम वारा. हडपसर येईपर्यंत पानांचा चिवडा झाला होता. ते तक्रार घेऊन परत आले ते 'मोगरा' होऊनच गेले. एक जोडपं बोगनवेलीला फुलं येत नाहीत म्हणून तिला दिवसातून दोनदा पाणी घालत होतं. तिला जरा तहानलेली ठेवली तरच ती फुलते, हे अण्णांनी विकतानाच बजावलं होतं. मुळं कुजली. आता नवऱ्याला 'थोरली बोगनवेल' म्हणतात आणि बायकोला 'धाकटी'. (घरात पाणी कुणाच्या सांगण्यावरून घातलं जातं याची चौकशी करूनच हा क्रम लावलाय म्हणे.) एक निवृत्त न्यायाधीश आहेत. "कढीपत्ता!" म्हटलं की ते मुकाट्याने मागे वळून बघतात.

पण सगळ्यांत मानाचं नाव 'चंदन'. हा आयटीतला तरुण. चंदनाचं रोप नेलं, चार पुस्तकं वाचली आणि पहिल्याच रविवारी पिशवीतलं 'तण' उपटून टाकलं. ते तण म्हणजे अण्णांनी मुद्दाम लावलेली तूर होती. चंदनाची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढतात. शेजारी गेला की चंदन खंगतो. अण्णा हा किस्सा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात, तोही त्या तरुणाच्या देखत. तो तरीही दर शनिवारी येतो. मला वाटतं, ऑफिसात त्याला एवढं आवर्जून कुणी ओळखत नसावं.

गर्दीच्या दिवशी तिथे उभं राहून ऐकावं. "कढीपत्ता, जरा सरका, थोरल्या बोगनवेलीला गाडी काढायचीय." "मोगऱ्याचे सुट्टे पैसे सोनचाफ्याकडून घ्या." इतक्या सुगंधी वातावरणात इतका अपमान मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

या नामावळीत मला एकच गोष्ट खटकायची. अनंत कुणीच नव्हतं. बोअरचं क्षाराचं पाणी मिळालं की अनंताची पानं पिवळी पडायला लागतात, आणि आमच्या बाजूला बोअरशिवाय आहे काय? म्हणजे घरटी एक अनंत निघायला हवा होता. मी एकदा पिशव्या भरणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी आधी अण्णा लांब आहेत ना ते पाहिलं.

"त्ये नाव अण्णांचं हाय. कुनाला देत न्हाईत."

विहीर आटलेल्या एका उन्हाळ्यात अण्णांनी टँकर घेतला. पाणी मचूळ निघालं. चाखल्यावर कळलं होतं, पण दुसरं मिळतही नव्हतं. अनंताची अख्खी खेप गेली. तेव्हापासून बायका आपापसांत त्यांना अनंतच म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले ते अण्णा स्वतःच, असं मावशींनी सांगितलं.

हे कळल्यावर मला त्यांचा राग येईनासा झाला. ही मोठी गैरसोय झाली.

मेच्या शेवटी आणखी एक गिऱ्हाईक येतं. कुठल्याशा कार्यालयाचे साहेब, जीपमधून. राज्याने २०१६ साली एका दिवसात २ कोटी झाडं लावायचं ठरवलं आणि २०१९ सालापर्यंत पावसाळी लागवडीचं उद्दिष्ट ३३ कोटींवर गेलं, तेव्हापासून जून-जुलैत झाडं हजारांनी मागायची सवयच लागून गेली आहे. या साहेबांचं नाव 'हजार'. एकेका झाडावरून नाव ठेवणं अण्णांना झेपलं नसणार. मधल्या काळात साहेब बदलले. नाव खुर्चीबरोबर पुढच्याकडे गेलं.

हजारांना झाड उंच लागतं. लहान पिशवीत वाढवून उंच केलेल्या झाडाची मुळं आतल्या आत गोल फिरत बसतात, त्यापेक्षा बुटकं रोप जमिनीत लवकर धरतं, हे अण्णा दरवर्षी समजावतात. साहेब दरवर्षी म्हणतात, "अहो, फोटोत दिसलं पाहिजे."

यंदा त्यांची खेप ओळीत उभी असताना वळीव आला. शेडनेट फाटून रस्त्यापलीकडच्या उसात जाऊन पडली. सकाळी मी गेलो तर अण्णा आडव्या पिशव्या उचलत होते, मोडलेल्या शेंड्यांच्या वेगळ्या काढत होते. तेवढ्यात दोघं-तिघं हसऱ्या चेहऱ्याने आले, "पाऊस झाला! आता लावायला हरकत नाही ना?" अण्णांनी त्यांना नाव ठेवायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. त्यांनी साहेबांना फोन लावला. निम्मी रोपं मोडलीत, राहिलेली द्यायला महिना लागेल, म्हणाले.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "घाई नाही हो. पहिल्या रांगेपुरती द्या. बाकीचे नुसते खड्डे दाखवू."

अण्णा फोन हातात धरून उभे राहिले. "ह्याचं नाव बदलाया पायजे," म्हणाले. बहावा, कडुनिंब, वड, ताम्हण अशी एकेक नावं स्वतःशीच घोळवली आणि सोडून दिली. दुपारपर्यंत काही जमेना.

शेवटी मावशीच पिशवीत माती दाबता दाबता म्हणाल्या, "लावलंच न्हाई, तर मेलं कंचं म्हनायचं?"