संकल्प कसा सोडावा : अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील नवशिक्यांसाठी

साहित्य : सरत्या वर्षाचे कालनिर्णय एक, भिंतीवरचे. (मोबाइलमधले चालणार नाही. त्यावर कोणी दुधाचा हिशेब लिहीत नाही.) लाल पेन एक. माळ्यावरचे सामान उतरवायला स्टूल. आणि गेल्या वर्षीचे तुमचे संकल्प ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकले असा घरातला एक माणूस. त्याची स्मरणशक्ती जितकी चांगली तितका तो तुम्हाला नकोसा वाटेल, पण त्याच्याशिवाय पुढची कृती जमत नाही.

वेळ : नाताळ ते ३१ डिसेंबर यांमधली कोणतीही दुपार. ३१च्या रात्री हे काम काढू नये. त्या रात्री माणूस उद्याच्या स्वतःबद्दल फार उदार असतो, आणि पहाटे उठायचे ते त्या उद्याच्या माणसाला.

आधी झाडाझडती. नवशिके इथे डायरी काढतात. काढू नये. डायरीची पहिली काही पाने मोत्यासारख्या अक्षरात असतात आणि त्यानंतर थेट केटररचे आणि हॉलवाल्याचे फोन नंबर. खरा पुरावा कालनिर्णयवर सापडतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढले ते पंचांग सामान्य माणसाला कळावे म्हणून. उपनगरांनी मात्र तिथी-नक्षत्राच्या बाजूला उरलेल्या जागेत घरचे दप्तर सुरू केले : दूध बंद, गॅस लावला, बाई नाही, पाणी ११ वाजता जाणार, सहामाही सुरू.

आता जानेवारीचे पान उघडा. १ तारखेच्या चौकटीत लाल अक्षरात 'जिम' आणि त्यापुढे बरोबरची खूण. २ला तसेच. ३ला खूण आहे, शब्द नाही. ५ला खूण पेन्सिलीने केली आहे, म्हणजे ती रात्री उशिरा आठवून केली आहे, म्हणजे ती खोटी आहे. ८ पासून चौकटी पुन्हा दूध आणि गॅसच्या ताब्यात. संकल्प ज्या दिवशी थांबला त्या दिवशी चौकटीत काय लिहिले आहे तेवढे नीट वाचा. 'वास्तुशांत, डोंबिवली.' 'आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे.' 'मेगाब्लॉक, लवकर निघणे.' विचारले तर तुम्ही कारण सांगाल 'आळस'. आळस हा शब्द बारा पानांत एकदाही सापडणार नाही. स्वतःला शिव्या घालण्याआधी ही गोष्ट घरातल्या त्या साक्षीदाराला दाखवावी. तो मानणार नाही, पण दाखवावी.

यानंतर वस्तूंची पाहणी. उदाहरणासाठी मुलुंड पूर्वेच्या एका वन बीएचके हॉलमधले ट्रेडमिल घेऊ. डाव्या दांड्यावर शाळेचा टाय, उजव्यावर ओला टॉवेल, पट्ट्यावर बासमतीची दहा किलोची पिशवी, आणि जिथे कॅलरी दिसायच्या त्या काचेवर लाइट बिल, कारण तिथे ठेवले की विसरत नाही. प्लग मिक्सरसाठी काढलेला. नवशिका याची नोंद 'वाया गेले' अशी करतो. चुकीची नोंद. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेल्या घरात जुलै महिन्यात इतके कपडे दुसऱ्या कशावर वाळत नाहीत. इथे महापालिकेच्या भाषेत 'चेंज ऑफ यूज' असे लिहावे आणि पुढे जावे. लोखंडवालातली गिटार, सात बंगल्यातली योगा मॅट, बोरिवलीतले ज्यूसर : या सगळ्यांना हेच कलम लागू.

एक सदर 'आपोआप झाले' असेही ठेवावे. ते कोणी ठेवत नाही. समजा, गेल्या वर्षी तुम्ही रोज १०,००० पावलांचा संकल्प केला होता. हा आकडा कोणा डॉक्टरने तपासून काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एक पेडोमीटर बाजारात आला, त्याच्या नावातच दहा हजार पावले होती, तिथून तो जगभर पसरला. आता घाटकोपरला मेट्रोतून उतरून मध्य रेल्वेचा प्लॅटफॉर्म गाठणाऱ्या माणसाचा विचार करा. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तो रोज दोनदा मधला पूल चढतो आणि उतरतो, शिवाय गर्दीत जागच्या जागी टाकलेली पावले वेगळीच. त्याने या संकल्पापुढे 'पूर्ण' असे लिहून खाली सही करावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

झाडाझडती संपली. साक्षीदाराला चहा द्यावा.

आता नवा संकल्प. घरी सत्यनारायण झाला असेल तर गुरुजी संकल्प कसा सोडतात हे तुम्ही पाहिले आहे, निदान हातावर पळीने पाणी घेतले आहे. ते आधी जागा सांगतात : गोदावरीच्या दक्षिण तीरी. (बोरिवलीत अकराव्या मजल्यावरही तुम्ही गोदावरीच्या दक्षिण तीरीच असता, याची नोंद घ्यावी.) मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग तुमचे गोत्र, तुमचे नाव. एवढे सगळे झाल्यावर, शेवटी, काय करणार ते. आणि तुम्ही ३१ डिसेंबरला काय म्हणता? 'यंदा फिट व्हायचंय यार.' वार नाही, तीर नाही, गोत्र तर नाहीच.

तेव्हा पहिला नियम : संकल्पाला पत्ता आणि वेळ हवी, आणि उपनगरात वेळ म्हणजे गाडी. 'भरपूर वाचायचे' असे लिहू नये. 'सोमवार ते शुक्रवार, बोरिवलीहून सुटणारी नेहमीची गाडी, चर्चगेटपर्यंत' असे लिहावे. विंडो मिळत असेल तर दहा पाने. चौथी सीट मिळत असेल तर चार, कारण अर्धे लक्ष बूड सावरण्यात जाते. अंधेरीकराने वाचनाच्या भानगडीत पडू नये. त्याचा एक हात कडीत आणि दुसरा पुढे घेतलेल्या बॅगेवर असतो, पान कोण उलटणार? त्याने ऐकण्याचा संकल्प करावा. घाटकोपरला सकाळी चढणाऱ्याने त्या अर्ध्या तासात कोणावर न ओरडण्याचा संकल्प केला तर तोच पुष्कळ झाला, आणि तो तपश्चर्येत धरावा.

दुसऱ्या नियमासाठी आजीकडे जावे लागते. आपल्याकडे संकल्पाचे शास्त्र होतेच, फक्त ते जानेवारीत नव्हते. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, चातुर्मास. त्यात बायका नेम धरायच्या : एकभुक्त राहणे, जेवताना मौन, पानावर जेवणे, दाराशी रोज गोपद्मे काढणे, लक्ष वाती, एखादी भाजी वर्ज्य. हिंमत असेल तर धरणेपारणे, म्हणजे एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. याची रचना बघा. नेम लहान, कोणाला सांगता येईल इतका स्पष्ट. त्याला शेवटची तारीख आहे. शेवटी उद्यापन आहे, म्हणजे कोणाला तरी जेवायला घालून 'झाले' असे जाहीर करण्याची सोय आहे. आणि आधी कांदेनवमी आहे : चार महिने कांदा बंद होणार म्हणून एकादशीच्या दोन दिवस आधी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची झुणका-भाकरी, जे काय ते मनसोक्त. ३१ डिसेंबरला आपण तेच करतो, फक्त पुढचा चातुर्मास विसरतो.

"आजी, यंदा काय सोडलंस?"

"वांगं."

"एवढंच?"

"एवढंच काय गं? चार महिने आहेत. आणि कार्तिकीनंतर भरली वांगी तू करायचीस, आत्ताच सांगून ठेवते."

सोडलेली वस्तू परत कधी मिळणार आणि कोण करून देणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले आहे. कुठल्याही जिमच्या वार्षिक पॅकेजमध्ये ही सोय नाही.

ही पद्धत उपनगराला नवी नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या एका अंगाला बोरिवली आणि दुसऱ्या अंगाला मुलुंड, आणि त्या जंगलात कान्हेरीची शंभरावर लेणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे बौद्ध भिक्खू राहत होते. त्यांचा वर्षावास हा मुदतीचाच नेम : पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे, भटकायचे नाही. जानेवारीच्या पहिल्या रविवारी बोरिवलीच्या गेटवर नव्या बुटांची जी गर्दी उसळते, तिच्यातल्या किती जणांना आपण कोणाच्या वाटेवर चालतोय याची कल्पना असते कोण जाणे. बूट मात्र छान असतात.

घाटकोपर आणि मुलुंडच्या मंडळींना तर हे शिकायला जिना उतरायचीही गरज नाही. शेजारच्या जैन कुटुंबात पर्युषणात आठ दिवसांची अठाई होते, आणि संवत्सरीला वर्षभराचा आढावा दोन शब्दांत आटोपतो : मिच्छामि दुक्कडम्. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून तुमच्याशी भांडलेले काकाही तो मेसेज पाठवतात. याला उत्तर द्यावे. आढाव्यात तेही धरतात.

म्हणून दुसरा नियम : वर्षाचा संकल्प करू नये. रेल्वेचा पास मासिक, त्रैमासिक, सहामाही आणि वार्षिक मिळतो. वार्षिक पास काढायला जो धजत नाही त्याने वार्षिक संकल्पही करू नये. पास संपतो त्या तारखेला संकल्प संपवावा. नवा पास काढताना तो पुढे चालवायचा की नाही ते खिडकीवर रांगेत उभे असताना ठरवावे. मोबाइलवर पास काढणाऱ्यांनी रांगेची कल्पना करावी.

याला थोडा शास्त्राधार देऊन ठेवतो, घरात वाद झाला तर उपयोगी पडेल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात २०० संकल्पवाल्यांचा पाठपुरावा केला. आठवड्यानंतर ७७ टक्के लोक टिकले होते, महिन्यानंतर ५५ टक्के, दोन वर्षांनी १९ टक्के. म्हणजे ८ जानेवारीला तुमचे कालनिर्णय कोरे पडले तर तुम्ही जगावेगळे काही केलेले नाही. दुसरा अभ्यास लंडनचा, फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा, २०१०चा. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना दिसले. १ जानेवारीपासून मोजले तर ७ मार्च. पण ही सरासरी आहे. जेवताना ग्लासभर पाणी पिण्यासारखे सोपे काम लवकर जमते, व्यायामाला जास्त वेळ लागतो, आणि त्यांच्या अंदाजाची वरची मर्यादा २५४ दिवसांची होती. २५४वा दिवस म्हणजे ११ सप्टेंबर. साखर सोडणाऱ्यांनी ही तारीख गणपतीच्या किती जवळ येते ते आपले आपण पाहावे आणि मोदकांबाबत घरात आधीच बोलून घ्यावे.

मोडलाच संकल्प तर? घाबरू नये. २०१४ साली हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी दाखवले की लोक केवळ १ जानेवारीला नव्हे, तर आठवड्याच्या, महिन्याच्या, सत्राच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतरही जिमकडे जास्त वळतात. या हिशेबाने मुंबईच्या उपनगरात माणसाला वर्षे मुबलक मिळतात. १ जानेवारी हुकली तर गुढीपाडवा. तो हुकला तर १ एप्रिल, सरकारी वर्ष. मग जूनमध्ये शाळा. मग आषाढी. मग दिवाळीतला पाडवा, त्या दिवशी शेजारचे 'साल मुबारक' म्हणत मिठाई घेऊन येतात, त्यामुळे खाण्याचे संकल्प तेवढे दुसऱ्या दिवसापासून. मात्र एकच संकल्प या सगळ्या मुहूर्तांवर पुन्हा पुन्हा सोडू नये. तिसऱ्या खेपेला घरचे टाळ्या वाजवतात.

पैशाच्या संकल्पांबद्दल वेगळे लिहीत नाही. ते फेब्रुवारीत ऑफिसमधून करबचतीचे पुरावे मागणारी मेल आली की आपोआप होतात.

राहिल्या काही शंका.

गाडीतल्या ग्रुपला सांगावे का? चालण्याचे, वाचनाचे जरूर सांगावे. खाण्याचे सांगू नये. ज्या दिवशी सांगाल त्याच दिवशी कोणाच्या तरी मुलाचा दहावीचा रिझल्ट लागतो, कोणाचा तरी वाढदिवस निघतो, आणि ढोकळ्याचा डबा तुमच्यापासून सुरू होतो. "घ्या हो, एकाने काय होतंय? उद्यापासून करा!" नाही म्हटले तर दादरपर्यंत त्याच विषयावर चर्चा होते, आणि तुम्ही उभ्या उभ्या ऐकता.

मॅरेथॉन धावायची आहे, यंदा जमेल का? मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते आणि तिची नोंदणी कितीतरी महिने आधी झालेली असते. १ जानेवारीला सुचलेली मॅरेथॉन ही पुढच्या वर्षीचीच असते. तोवर ४२ किलोमीटर म्हणजे किती याचा अंदाज हवा असेल तर बोरिवली ते चर्चगेट हे सुमारे ३४ किलोमीटर आहे एवढे लक्षात ठेवावे, आणि त्या दिवशी गाडीनेच यावे.

नवरा-बायकोने मिळून सकाळी चालायला जाण्याचा संकल्प करावा का? करू नये. एकाचा गुडघा दुखला की दुसऱ्याला सुट्टी मिळते, आणि गुडघा कोणाचा आधी दुखला यावर जे बोलणे होते ते चालण्यापेक्षा लांब जाते. वेगवेगळ्या गेटने निघावे. परतताना दूध आणि कोथिंबीर कोण आणणार, तेवढे मात्र निघण्याआधी ठरवून घ्यावे.