पोटखराबा

वनखात्यात राहून झाडांवर राग धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. पुढ्यात असले की 'साहेब' आणि पाठ फिरली की 'पोटखराबे साहेब'. हे आडनाव त्यांनी स्वकष्टानं कमावलंय.

सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून एक नोंद असते. खडक, मुरूम, ओघळ, जिथं पीक येत नाही ते सगळं तिच्यात. भावकीतल्या दारुड्याकडं बघावं तसं शेतकरी तिच्याकडं बघतो: आहे, पण विषय काढू नका. साहेब मात्र कुणाचाही सातबारा हातात आला की आधी नेमकं तिथंच बोट ठेवतात. "बारा गुंठे पोटखराब! नशीबवान आहात." समोरचा गृहस्थ आलेला असतो कर्जाच्या कागदाला सही कुठं करायची ते विचारायला. तो चष्मा पुसत निघून जातो.

साहेबांचं म्हणणं सरळ आहे. माळढोकाला तुमच्या काळ्याभोर रानाचं कौतुक नाही. त्याला हवं बेताचं गवत, मान वर केली की लांबवर दिसेल असा उघडा माळ आणि खायला भरपूर नाकतोडे. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी झाडावर घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. म्हणजे कागदावर जी जमीन खराब, तीच त्याची बाळंतिणीची खोली. आणि खराब जमिनीला वाली नसतो, म्हणून साहेब. हद्दीचे खांब, अतिक्रमणं, जाळरेषा, गवताची कापणी, पाणवठ्यात टँकर, थोडक्यात जमिनीचं जे काही निघेल ते त्यांनी बघायचं. क्वार्टर माळाच्या कडेला. सोलापूर तसं जवळ आहे, पण शेवटची एसटी गेली की सोलापूर काय आणि सिंगापूर काय.

थंडीत पुण्याहून मंडळी येतात. गळ्यात हातभर लांबीची लेन्स. गाडीतून उतरून चहूकडं बघतात आणि विचारतात, "अभयारण्य कुठून सुरू होतं?"

"तुम्ही त्यावर गाडी लावलीय," साहेब सांगतात.

"पण झाडं?"

हा प्रश्न आला की साहेबांचा चेहरा दुखऱ्या दाढेवर गार पाणी गेल्यासारखा होतो. माळावर गवत आहे म्हणजे जागा रिकामी आहे, आणि जागा रिकामी आहे म्हणजे झाड लावलं पाहिजे, असा एक समज आपल्याकडं शाळेपासून पक्का होतो. दुष्काळी भागात हिरवाई आणायच्या उत्साहात एके काळी इथंही ठिकठिकाणी गिरिपुष्पाच्या रांगा लागल्या. गिरिपुष्प वाढलं, दाट झालं. माळढोकाला मात्र लांबचं दिसेना, आणि जिथून लांबचं दिसत नाही त्या जागी तो उतरत नाही. त्यामुळं जूनमध्ये वृक्षारोपणाची रोपं घेऊन टेम्पो आला की साहेब दारात आडवे उभे राहतात. पाहुण्यांच्या हस्ते फोटोपुरती दोन लावायचीच असतात. ती ते क्वार्टरच्या अंगणात लावून घेतात. गेल्या काही वर्षांत अंगणाचं असं रान झालंय की साहेबांना स्वतःची मोटारसायकल शोधावी लागते. म्हणजे नान्नजला खरं जंगल बघायचं असेल तर ते साहेबांच्या अंगणात आहे.

गवताबद्दल मात्र तासभर ऐका. मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी. कुसळी पायजम्यात घुसते म्हणून लोक तिला शिव्या देतात. साहेब एकेक कुसळ काढून परत माळावर टाकतात. "बी आहे ते. घरी कशाला न्यायचं?"

त्यांचं दुसरं दुखणं जुनं आहे आणि त्यात त्यांचा दोष शून्य. १९७९ साली हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्रफळ होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. गोव्यासारखी दोन राज्यं आत बसून वर जागा उरावी. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, बाजारपेठा, उसाचे फड, सगळं कागदावर पक्ष्याचं झालं. लोकांना अभयारण्यात राहतोय याचा पत्ता लागायचा तो थेट कुठली तरी परवानगी अडली की. मग घर अडलं, रस्ता अडला, कुणाचं लग्न अडलं तरी माळढोकाच्या नावानं बोटं मोडायची. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. पण नाराजी काही त्या प्रमाणात कमी झाली नाही. ती मूळ क्षेत्रफळाचीच चालू आहे आणि तिची सगळी पत्रं साहेबांच्या टेबलावर येतात. ज्या पक्ष्याच्या नावानं हे चालतं तो आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. टेबलावरच्या फायली मात्र न शोधता दिसतात.

तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे ते इतरांनी रामरक्षा म्हणावी तसं म्हणतात. आता मोजणी उपग्रहावरून होते. यंत्र आकडा सांगतं, साहेब मान डोलावतात आणि मग स्वतः पावलांनी मोजून यंत्र बरोबर आहे का ते बघतात. लग्नाला बोलवावं तर मांडवात शिरताशिरता ओठ हलत असतात. "मांडव रस्त्यात दीड फूट आलाय," हा त्यांचा आहेर. पंगतीत बसले की ताटाच्या चतुःसीमा ठरतात: पूर्वेस पिठलं, पश्चिमेस शेंगाचटणी, दक्षिणेस कांदा. आमटी वाहत भाकरीखाली गेली की ते वाढणाऱ्याकडं जे बघतात ते अतिक्रमण करणाऱ्याकडं बघतात तसंच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर मी एका हद्दीवर गेलो होतो. शेजारची शेतं ज्वारी निघून मोकळी झाली होती. मोजणीला हाच हंगाम. शेजारी आप्पा, वय सत्तरीच्या पुढं, डोक्यावर टॉवेल, चेहऱ्यावर संपूर्ण निरागसता.

"आप्पा, बांध सरकलाय."

"बांध कशाला सरकंल साहेब? नांगर जरा वळला आसंल."

"वीस वर्षं एकाच बाजूला वळतोय?"

"बैलाला खोड व्हती."

"बैल कधीच विकलेत तुम्ही. आता ट्रॅक्टर आहे."

"त्याला बी लागली बगा."

साहेब हसले नाहीत. त्यांनी नकाशा काढला, यंत्र लावलं, पावलं मोजली, पुन्हा मोजली. मग चुन्यानं सरळ रेघ मारली. ती आप्पांच्या नांगरटीतून चांगली आठ हात आत गेली. जिथं खांब रोवायचा तिथं फुली केली. मजुरानं कुदळ उचलली आणि त्याच क्षणी एक टिटवी किंचाळत आमच्या डोक्यावरून गेली. वळली, परत आली, या खेपेला आप्पांचा टॉवेल पडला.

साहेबांनी हात वर केला. कुदळ हवेतच थांबली. ते गुडघ्यांवर बसले, मग पालथेच पडले, खाकी कपड्यांसकट. फुलीपासून वीतभर अंतरावर, मुरमाच्या खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी. टोकं आतल्या बाजूला, जणू काहीतरी गुप्त बैठक चाललीय. चुन्याची रेघ त्यांच्या बरोब्बर मधून गेली होती.

या मोजणीसाठी साहेबांनी दोन वर्षं पत्रं पाठवली होती. मी त्यांच्याकडं बघितलं. ते उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "खांब नंतर."

"नंतर म्हंजी कधी?" आप्पांनी एकदम आस्थेनं विचारलं.

"पिल्लं निघाली की. महिनाभर."

"तवर पेरणी यील की."

"मग पेरणीनंतर बघू."

आप्पांनी टॉवेल उचलून झटकला. ते खाली वाकून अंडी न्याहाळू लागले. "दोन तुमच्या हद्दीत, दोन माझ्या. माझी मी राखतो. तुमची तुमी बगा." मग स्वतःच जाऊन बाभळीची एक काटेरी फांदी ओढून आणली आणि कुत्री येऊ नयेत म्हणून अंतर ठेवून आडवी टाकली. टाकताना ती चुन्यावरून अशी फिरवली की आठ हात रेघ पुसून गेली. साहेबांनी ते पाहिलं. बोलले नाहीत.

झाडाच्या सावलीत बसून अहवाल लिहायचा त्यांचा रिवाज नाही, आणि तिथं झाडही नव्हतं. उन्हातच उभ्यानं वही काढली. 'जागा निश्चित केली. खड्डा प्रलंबित. कारण :' इथं पेन थांबलं. छापील कारणांत न्यायप्रविष्ट होतं, शेजारी गैरहजर होतं, पाऊस होता. टिटवी कुठंच नव्हती.

आप्पा त्यांच्या खांद्यावरून वहीत बघत होते.

"लिवा की साहेब," ते म्हणाले, "पोटखराबा."