हवा सोडण्यात येईल

नांदेडची डॉक्टर लेन असो की लातूरचा ट्यूशन एरिया, नवी इमारत तयार झाल्याची पहिली खूण रंग नव्हे, लिफ्टही नव्हे. समोरच्या सरकारी रस्त्यावर एक पाटी उगवते : ‘येथे वाहन लावू नये. हवा सोडण्यात येईल.’

कोण सोडणार, हे पाटी सांगत नाही. पुढच्या चाकाची की मागच्या, तेही नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात दंड आहे, गाडी उचलून नेणं आहे. हवा सोडण्याचं कलम मात्र इमारतवाल्यांनी स्वखर्चाने जोडलेलं दिसतं. त्याची अंमलबजावणीही कडक. टोइंगची गाडी कधी येईल सांगता येत नाही, पण वॉचमन काडेपेटीतली काडी घेऊन चोवीस तास हजर. चौकात पंक्चरवाला बसलेलाच असतो, त्यामुळे या कायद्याने निदान एकाला तरी रोजगार दिला. पाटीसोबत कुंड्या येतात, कुंड्यांसोबत साखळी येते, आणि साखळीच्या आत मालकाची पांढरी गाडी दिवसभर निवांत उभी असते. तिच्या चाकांत हवा काठोकाठ!

मग इमारतीची स्वतःची पार्किंग कुठे गेली? कुठेही गेली नाही, मंजूर नकाशात ती शाबूत आहे. मोटारीला 2.5 बाय 5 मीटर असे चौकोन आखलेले, प्रत्येकाला नंबर. 2020 च्या राज्याच्या एकत्रिकृत नियमावलीत पार्किंगचं क्षेत्र चटईक्षेत्रात धरत नाहीत. म्हणजे गाड्यांच्या नावावर ही जागा बिल्डरला बिनहिशेबी मिळते. भोगवटा प्रमाणपत्र हाती पडलं की चौकोनांना शटर लागतं. एक नंबरवर मेडिकल, दोन-तीनवर लॅब, चारवर मेस, पाचवर ‘एसी अभ्यासिका, वायफाय मोफत’. उरलेल्या कोपऱ्यात जनरेटर. खालची पार्किंग सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असा न्यायनिवाडा 2010 मध्येच झाला. इथे ती विकत नाहीत, महिन्याच्या भाड्याने देतात.

लातूरची गंजगोलाई ही बाजारपेठ 1917 ची. मधल्या गोलाला 16 रस्ते येऊन मिळतात. तेव्हा बैलगाड्या होत्या. बाजार उरकला की माणूस बैल जुंपून गावी जायचा. आताची बुलेट सकाळी दहाला लागते ती रात्री शटर पडेपर्यंत हलत नाही, आणि ती बहुतेक वेळा दुकानदाराचीच असते. तोच गिऱ्हाईक येत नाही म्हणून रडतो.

इथवर हसता येतं. पण किनवटहून, मुखेडहून बापाला मोटारसायकलवर मधे बसवून आणणारा माणूस दवाखान्यासमोर थांबतो, तेव्हा वॉचमन ओरडतो, “ओ मामा, कामून लावलाव इथं? पाटी दिसंना का?” मामा गाडी कुठे लावणार? त्याच्यासाठी राखलेल्या चौकोनात बसून तर त्याच्याच बापाच्या रक्ताच्या तपासणीचं बिल फाडलं जातंय. जागा त्याच्या नावावर मिळवली, भाडं मालकाने खाल्लं, आणि चाकाची हवा मामाची गेली. ही चोरी आहे, आणि नकाशावर शिक्का मारून नंतर पुन्हा त्या गल्लीत न फिरकणारा प्रत्येक जण त्यात भागीदार आहे.

यावर उपाय म्हणून 2025 मध्ये राज्यात एक चर्चा झाली : पार्किंगचा पुरावा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही. जपानात असा कायदा 1962 पासून आहे. आपल्याकडेही खुशाल यावा. एमएच 24 असो की एमएच 26, पुराव्याची ददात पडणार नाही; मंजूर नकाशाची झेरॉक्स जोडली की झालं. फक्त नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवावा लागेल : गाडी मेसच्या कितव्या टेबलाखाली उभी राहणार?