अस्सलवाले

वऱ्हाडातल्या प्रत्येक वरातीत एक गृहस्थ असतो. जानवशातून वरात निघाली की हा बॅन्डच्या मागं नाही, बॅन्डमास्तरच्या कानाशी चालतो. अंगात सफारी, खिशात अडकित्ता, आणि 'शोला जो भडके' सुरू झालं की कपाळावर आठी. "हे नाही बाप्पा! ओरिजिनल असं नाही वाजत. सॅक्सोफोन कुठं हाय?" मे महिन्याच्या उन्हात बॅन्डमास्तर आधीच घामाघूम. तो तोंडातली क्लॅरिनेट न काढता मान डोलावतो आणि पुढचं कडवं वाजवतो.

यांना आपण अस्सलवाले म्हणू. त्यातून ते अमरावतीचे असले तर बघायलाच नको, कारण या गाण्यावर पडद्यावर नाचलेले भगवानदादा पालव १९१३ साली अमरावतीत जन्मले. तेवढ्या भांडवलावर अस्सलवाले हे गाणं ज्यात आहे त्या १९५१ च्या 'अलबेला'त हिस्सा सांगतात. राजकमल चौकात गिला वडा खाता खाता वाटणी होते : गीत राजेंद्र कृष्ण यांचं, चाल सी. रामचंद्रांची, आवाज लताबाईंचा आणि चितळकरांचा. इथं ते थांबून समोरच्याचा चेहरा न्याहाळतात. "चितळकर म्हणजेच सी. रामचंद्र" हे सांगण्यातली चव त्यांना वड्यातही मिळत नाही. शिवाय रामचंद्र गाणं शिकले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडं. म्हणजे नायक आमचा, संगीत आमचं. मुंबईनं काय तो कॅमेरा आणला.

अशा माणसाला देव अकोल्याचा साडू देतो. हा कोर्टातून रिटायर झालेला. याच्या मोबाईलमध्ये त्याच गाण्याची ऑर्केस्ट्रावाली, कॅसेटवाली, रिमिक्सवाली अशी सगळी भावंडं. "काऊन चिडता साडूभाऊ? रॉयल्टी भरा अन् जुनं गाणं नव्यानं गा, अशी वाट कॉपीराइट कायद्यातच हाय. २०१२ च्या दुरुस्तीनं फक्त पाच वर्षं थांबा म्हटलं. इथं तं सत्तरच्या वर होऊन गेले!"

"कायदा वाचून कोणी नाचते का?" अस्सलवाले गरजतात.

मग साडू हुकमाचं पान टाकतो. सी. रामचंद्रांचं 'समाधी'तलं, म्हणजे १९५० चं 'गोरे गोरे' कार्मेन मिरांडानं अमेरिकन चित्रपटात गायलेल्या गाण्यावरून आलेलं. अन् 'शोला'तला थाट हवाई बेटांचा. "अमरावतीत कोण्या गल्लीत बोंगो वाजत होता हो?" अस्सलवाले गप्प होतात, पण सुपारी कातरेपर्यंतच. "ते उचलणं नाही, संस्कार हाय!" आपल्या माणसानं घेतलं तर संस्कार, दुसऱ्यानं घेतलं तर चोरी. कोर्टात उभं आयुष्य काढूनही हे कलम साडूला सापडलेलं नाही.

२०१६ साली भगवानदादांवरचा 'एक अलबेला' आला. मंगेश देसाई भगवानदादा, विद्या बालन 'अलबेला'ची नायिका गीता बाली. अस्सलवाले चुका काढायला पहिल्याच दिवशी हजर. गाणं लागलं आणि खुर्चीखाली त्यांचे दोन्ही पाय चालू झाले. शेजारी बसलेल्या साडूनं ते पाहिलं, पण बोलला नाही. अकोल्याच्या माणसालाही दयामाया असते.

खरी मेख आहे भगवानदादांच्या त्या नाचात. गुडघे जरासे वाकलेले, एक हात कमरेशी, दुसरा हवेत, खांदे डावी-उजवीकडं, आणि पाय जागेवरून फारसे न हलता. पोट सुटलेल्या मामालाही हा नाच जमतो, दम लागत नाही आणि धोतरही सुटत नाही. म्हणून तर हे गाणं वरातीत टिकलं. मांडव दिसू लागला की अस्सलवालेही अडकित्ता साडूच्या हाती देतात आणि त्याच बिनसॅक्सोफोनच्या बॅन्डपुढं तस्सेच नाचतात.

लग्नसराईत असे अस्सलवाले भेटले तर वाद घालू नका. जिंकलात तर पंगतीत ते शेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. बॅन्डमास्तरच्या हातावर मात्र शंभराची नोट जास्त ठेवा. अस्सलवाल्यांनी रेकॉर्ड सांभाळली, गाणं त्यानं सांभाळलं.