समुद्रातलं काहीतरी, डोंगरातलं काहीतरी

परदेशातल्या गोष्टी वाचल्या की मुलांची क्षितिजं रुंदावतात, असं पालकसभेत बाई म्हणाल्या. क्षितिजांचं मला माहीत नाही. आमच्याकडे किराण्याची यादी रुंदावली.

सुरुवात 'तोत्तोचान'नं झाली. तेत्सुको कुरोयानागींचं हे 1981 सालचं जपानी पुस्तक. आगगाडीच्या डब्यांत भरणारे वर्ग, पहिल्याच भेटीत एका बडबड्या मुलीचं चार तास ऐकून घेणारे कोबायाशी मुख्याध्यापक... मी भारावून बसलो होतो. लेकीनं त्यातून नेमकं एवढंच उचललं, की डब्यात रोज 'समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरातलं काहीतरी' पाहिजे. कोबायाशींच्या शाळेत तशी रीतच होती, आणि कुणाच्या डब्यात एक बाजू कमी पडली तर त्यांच्या पत्नी पातेल्यातून ती वाढायच्या.

आमच्या घरात या दोन बाजू आधीपासूनच आहेत. मी सदाशिव पेठी शाकाहारी, बायको मालवणची. "बघा, जपानी माणसाला कळतं!" असं म्हणत तिनं फडताळाच्या तळातून सुक्या जवळ्याची बरणी काढली. आई म्हणाली, "समुद्रातलंच हवं ना? मग पोळीत मीठ आहे की!" युक्तिवाद बिनतोड होता, पण लेक कोबायाशींच्या बाजूची. डोंगर म्हणून बटाट्याची भाजी आणि समुद्र म्हणून जवळ्याची चटणी असा डबा गेला. संध्याकाळी डायरीत शेरा आला : 'डब्यात उग्र वासाचे पदार्थ देऊ नयेत.' क्षितिजांची शिफारस याच शाळेची.

पुढचा मुक्काम स्वित्झर्लंड. योहाना स्पिरीबाईंची 'हायडी' वाचून कुणालाही आल्प्स आठवावा. हायडी फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात राहायला जाते, तेव्हा डोंगरावरच्या म्हाताऱ्या आजीसाठी मऊ पांढरे पाव कपाटात साठवून ठेवते. आमच्याकडे ते लादीपाव निघाले, माझ्या इस्त्रीच्या शर्टांमागे. मुंग्यांनी आधी शोधले, मग मी. मी आवाज चढवला, तर लेक शांतपणे म्हणाली, "रॉटनमायर बाई पण अश्शाच ओरडल्या होत्या."

आता मला वाटतं, गफलत आम्हा मोठ्यांचीच असते. संस्कृती म्हटलं की आम्ही 'देशोदेशीची मुले' छापाचं गुळगुळीत पुस्तक आणतो : पानागणिक एक देश, एक झेंडा, पारंपरिक पोशाखातलं एक हसरं मूल. असली पुस्तकं वाढदिवसाला येतात आणि न उघडता पुढच्या वाढदिवसाला जातात. मुलांना झेंड्यात रस नसतो. तिकडच्या पोराला काय खायला लावतात आणि ते चुकवायला तो काय करतो, हे कळलं की तो देश त्यांच्या ओळखीचा झाला.

म्हणून व्हिक्टर द्रागून्स्कींचा देनिस आमच्या घरात सर्वांत लाडका. सोव्हिएत संघ 1991 साली संपला, पण मॉस्कोचा हा पोरगा टिकून आहे. लापशी संपवलीस तर क्रेमलिन बघायला नेईन, असं आई त्याला सांगते. रव्याची पांढरी लापशी! तो तीत साखर घालतो, मीठ घालतो, शेवटी झणझणीत मुळाच्या चटणीची अख्खी बरणी ओततो आणि मग सगळंच खिडकीबाहेर. थोड्या वेळानं पोलिसाबरोबर एक गृहस्थ दारात उभे : फोटो काढायला निघालेले, आणि टोपीवर लापशी.

लेक खदखदा हसत हे आजीला वाचून दाखवत होती. मी आमच्या खिडकीची डासांची जाळी नीट बसलीय ना ते बघून घेतलं. आई मात्र हसली नाही. गोष्ट संपेपर्यंत तिनं भाजी निवडायची थांबवली होती.

"पोराचं काय चुकलं?" ती म्हणाली. "तूप नाही, वेलची नाही. आणि रवा आधी भाजून घ्यायचा असतो, हे त्या बयेला कुणी सांगितलं नव्हतं का?"